शास्त्रवाचनाला वेळ कुठून आणावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करावयाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मी या मंडळात सतरंज्या घातल्या, चहा केला, नाताळात करंज्या तळल्या. पण उभे राहून बोलण्याचा प्रसंग आला नव्हता. या वेळी चिटणीसबाईंनी विषयच असा दिला की नाही म्हणता येईना. विषय आहे, पवित्र शास्त्र वाचण्यासाठी अधिक वेळ कसा काढावा. या बाबतीत मी जुनी अपराधी आहे, म्हणूनच मला बोलावले असावे.

"वेळ मिळत नाही" असे आपण म्हणतो ते काही खोटे नसते. पहाटे नळ येतो, तो सोडून चालत नाही. मग डबे, शाळा, स्वयंपाक, भांडी. उन्हाळ्यात तर आपल्या नागपुरात अकराच्या आत बाहेरची कामे उरकावी लागतात, आणि त्यातच कुरडया-पापड. दुपारी जरा पाठ टेकावी म्हटले तर कोणी दार वाजवते. रात्री पुस्तक हाती घेतले की डोळे मिटतात. हा दिनक्रम माझाही आहे. तेव्हा "सकाळी तासभर लवकर उठा" असा उपदेश मी करणार नाही. तो मी स्वतः तीनदा करून पाहिला आणि तिन्ही वेळा आठवड्यात सोडला.

पण एक गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंची दृष्टी काचबिंदूने गेली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. रविवार शाळेत अक्षरे शिकल्या आणि तेवढ्या शिदोरीवर आयुष्यभर शास्त्र वाचत राहिल्या. डोळे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच मागणी केली, रोज रात्री एक अध्याय वाचून दाखव. मी "हो आई" म्हटले. आणि भगिनींनो, ज्या मला कधी वेळ मिळत नव्हता, त्या मला रोज रात्री वेळ मिळू लागला! कारण पलीकडे खाटेवर कोणी तरी वाट पाहत बसलेले असे.

मी मनापासून वाचत होते असे समजू नका. एकदा घाई होती म्हणून मी मधली चार वचने गाळली. त्या लगेच म्हणाल्या, "सूनबाई, तू मधली वाट सोडून पुढे गेलीस." त्यांना पाठ होते! मला इतकी लाज वाटली की मागे जाऊन पुन्हा वाचले.

लूकचे शुभवर्तमान चालू असताना त्या आजारी पडल्या आणि आठ दिवसांत प्रभूकडे गेल्या. त्यानंतर ते पुस्तक कपाटात गेले. आपल्या पुष्कळ घरी शास्त्र म्हणजे कागद ठेवण्याची जागा होते. बाप्तिस्म्याचा दाखला त्यात, लग्नाची पत्रिका त्यात, विजेचे बिलही त्यात. आठ महिन्यांनी मुलीच्या शाळेसाठी एक दाखला हवा होता, म्हणून मी ते उघडले. खुणेचा दोरा लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात होता. जक्कय उंबराच्या झाडावर चढून बसला होता, आणि आमचे वाचन तिथेच थांबले होते. आठ महिने मी त्या बिचाऱ्याला झाडावर बसवून ठेवले होते.

मी तिथेच जमिनीवर बसून पुढे वाचले. तुम्हांला ठाऊकच आहे, प्रभू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्याच घरी मुक्कामाला जातो. मी वाचले, पण ऐकायला खाटेवर कोणी नव्हते. त्या दिवशी मला कळले की आईंसाठी मी वेळ काढत होते असे मी समजत होते; खरे म्हणजे आईच मला वेळ काढून देत होत्या.

म्हणून मला आज एवढेच सांगावयाचे आहे. शास्त्रवाचनाला वेळ शोधून सापडत नाही. दुसऱ्या कोणाला तरी शब्द द्यावा, म्हणजे वेळ आपोआप निघतो.

याचा दाखला आपल्याच गावाशी जोडलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपुरास राहून गेले होते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातल्या एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचावा अशी विनंती केली. टिळकांनी तसा शब्द दिला. त्या पुस्तकाची त्यांना तेव्हा मोठी ओढ होती असे नाही. पण दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून ते वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, आले आणि त्यांचे मन तिथे खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतल्या ओळखीत दिलेला एक शब्द, पण त्याने केवढे काम केले!

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. केडगावच्या मुक्ति मिशनचा एवढा संसार अंगावर होता. शेकडो विधवा आणि अनाथ मुली, दुष्काळातून आणलेल्या. त्यातून त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. कोणासाठी? विद्वानांसाठी नव्हे. कमी शिकलेल्या बायांना समजावे म्हणून साध्या भाषेत केले. मुक्तिसदनात छापखाना होता आणि त्यात तिथल्याच बाया काम करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याच्या थोडेच आधी भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्यासारखीला वाचता यावे म्हणून एका बाईने वर्षानुवर्षे खपावे आणि आपण मात्र त्यात विजेचे बिल ठेवावे, हे काही बरे नाही.

आपल्या शेजारणींकडूनही मी शिकले. आमच्या शेजारच्या ताई वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला जातात. पाऊस असो, पाहुणे असोत, त्यांची वेळ चुकत नाही. मी विचारले, "तुम्हांला कसे जमते हो?" त्या म्हणाल्या, "मी नाही गेले तर बाकीच्या विचारायला येतात ना!" घरोघरीच्या पारायणांचेही असेच आहे. एकटीचा नेम मोडतो, चौघींचा सहसा मोडत नाही.

आता घरात हे कसे करावे? मी करते ते सांगते. संध्याकाळी मी पोळ्या लाटते तेव्हा माझी मुलगी ओट्याजवळ बसून एक अध्याय मोठ्याने वाचते. ती इंग्रजी शाळेत आहे, मराठी जोडाक्षरांना अडखळते. 'नबुखद्नेस्सर' आला की दोघी हसतो, कारण तो मलाही नीट म्हणता येत नाही. पण तिचे मराठी सुधारते आहे आणि पोळ्याही होतात. मार्था आणि मरिया यांची गोष्ट ऐकताना मला नेहमी मार्थेची बाजू घ्यावीशी वाटते. स्वयंपाक कोणी तरी करायलाच हवा. आमच्या घरात मार्था लाटते आणि मरिया वाचते. वाचणारा मुलगाही असावा, आणि कधी लाटणारे घरधनीही असावेत, असे माझे मत आहे.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करावी. सोळाच अध्याय आहेत, सोळा दिवसांत होते. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस, महिन्याच्या तारखेप्रमाणे एकेक वाचता येतो. नव्या कराराचे अध्याय २६०. रोज एक घेतला तरी वर्षाच्या आत पुरा होतो. सगळ्या शास्त्राचे १,१८९. तेही रोज एक याप्रमाणे सव्वातीन वर्षांत होतात. फार धावपळीच्या दिवशी ११७ वे स्तोत्र घ्यावे, त्यात दोनच वचने आहेत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नये, आणि मनाला खातही बसू नये. जिथे दोरा आहे तिथून पुढे चालावे. मोबाइलमध्येही शास्त्र असते, ते प्रवासात सोयीचे आहे. पण घरी मी पुस्तकच घेते. मोबाइल उघडला की आधी निरोप दिसतात आणि मग अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यात काही भगिनी अशा आहेत की ज्यांची दृष्टी अधू झाली आहे किंवा ज्यांना जिना उतरवत नाही. प्रत्येकीने अशा एकीचे घर धरावे. आठवड्यातून एक दिवस जावे, एक अध्याय वाचावा, एक कप चहा घ्यावा आणि यावे. ज्यांना कोणी आजी नाही त्यांनी दोघी-दोघींची जोडी करावी. पौलाने तीमथ्याला पत्र लिहिले तेव्हा त्याच्या आजीचे आणि आईचे, लोईस आणि युनीके यांचे, नाव घेऊन त्यांच्या विश्वासाची आठवण केली. घरातल्या बायांनी दिलेल्या शिदोरीची अशी नोंद शास्त्रात राहिली आहे.

पुढच्या वर्धापनदिनी "किती वाचले?" असे आपण एकमेकींना विचारू नये. "कोणाला वाचून दाखवले?" एवढेच विचारावे. माझ्या सासूबाईंची खाट आता रिकामी आहे, पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी आहेत. मी परवाच त्यांना शब्द देऊन आले आहे. आता मला वेळ मिळेल.