हजेरीपट आणि हळदीकुंकू
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



"यंदा तुम्ही बोलायचं" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. माझे शिक्षण सातवी. मंडळात माझे काम सतरंज्या घालणे, चहाचे आधण ठेवणे आणि वर्गणीची वही सांभाळणे. मी म्हटले, "मी काय बोलणार?" तर त्या म्हणाल्या, "घरात जे घडलं तेच बोला." घरात घडलेले सांगणे सोपे असते असे त्यांना वाटले असावे. तसे ते नसते. म्हणून आज ज्या दोघींविषयी मी बोलणार आहे, त्या दोघींना आधी विचारून आले आहे. दोघीही इथेच बसल्या आहेत. नावे मी घेणार नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ठाऊकच आहेत.

गोष्ट मार्च २०२३ ची. आपल्या राज्यातल्या सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी १४ मार्चपासून संप पुकारला होता. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा आपण सर्वांनी रस्त्यावर ऐकली आहे. माझी धाकटी जाऊ माध्यमिक शाळेत शिक्षिका. ती नोकरीला लागली २००९ साली. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे जे लागले त्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून हा प्रश्न थेट आमच्या स्वयंपाकघरात आलेला होता.

मला प्रथम हे जुने-नवे काही उमगत नसे. धाकटीने समजावून सांगितले. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मे पैसे जन्मभर, महागाई वाढेल तसा त्यावर भत्ता, आणि माणूस गेले तर मागे राहिलेल्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. नव्या पद्धतीत दर महिन्याला पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने त्यात चौदा टक्के घालायचे, आणि ती रक्कम बाजारात गुंतवायची. नोकरी संपली की त्या वेळच्या नियमाप्रमाणे साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात घ्यायची आणि निदान चाळीस टक्क्यांचे वर्षासन विकत घ्यायचे. मी म्हटले, "म्हणजे भिशीच की गं." ती म्हणाली, "भिशीत किती मिळणार ते तरी ठाऊक असतं, ताई. इथं घालायचे किती ते ठरलेलं, मिळायचे किती ते ठरलेलं नाही."

हे मात्र मला लगेच कळले, कारण आमच्या सासूबाई. सासरे सरकारी कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. रक्कम फार मोठी नाही. पण नातवंडांच्या हातावर त्या आपल्या डब्यातून पैसे ठेवतात, औषध आणायला सांगताना नोट पुढे करतात आणि कोणाकडे मागत नाहीत. म्हातारपणी बाईचा आवाज घरात राहतो तो कशाने, हे मी आमच्या घरात रोज पाहते.

संपाच्या आदल्या रात्री भांडी आवरून झाल्यावर धाकटी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, मी काय करू?"

तिच्यापुढे पेच खरा होता. दहावीची परीक्षा २ मार्चला सुरू झालेली, ती २५ मार्चपर्यंत चालायची. तिच्या हाताखालची मुले परीक्षेला बसलेली. माझी स्वतःची मुलगीही त्याच परीक्षेला. काम नाही तर पगार नाही, कारवाईही होईल, असे बोलले जात होते. आणि दुसरीकडे तिचे सगळे सहकारी. चौदा वर्षे ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते उद्या बाहेर उभे राहणार, आणि हिने आत जाऊन सही करायची?

मी काय उत्तर दिले ते सांगते, कारण त्याची मला लाज वाटते. मी म्हटले, "पोरीची परीक्षा आहे गं आपल्या." तिने मला तिच्या आयुष्याचे विचारले होते, आणि मी माझ्या पोरीचे सांगितले. ती काही बोलली नाही.

सासूबाई जाग्याच होत्या. त्या म्हणाल्या, "तिचं तिला ठरवू दे. फक्त एक सांगते." आणि त्यांनी १९७७ सालच्या संपाची गोष्ट सांगितली. केंद्रासारखा महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्यातले कर्मचारी डिसेंबरात संपावर गेले, तो संप पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत चौपन्न दिवस चालला. आमचे हे तेव्हा पाळण्यात होते. सासूबाईंच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, वाण्याची उधारी वाढली, पण सासरे शेवटपर्यंत बाहेर राहिले. त्यांच्याच कचेरीतले, भिंतीला भिंत लागून राहणारे एक गृहस्थ मात्र विसाव्या दिवशी कामावर परत गेले. घरात ओली बाळंतीण होती आणि डब्यात पीठ नव्हते. सासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. पुढे ते गृहस्थ वारले, तेव्हा सासरे त्यांना खांदा द्यायला गेले आणि घरी येऊन न जेवता निजले.

सासूबाई म्हणाल्या, "संप चौपन्न दिवसांचा होता. अबोला एकोणीस वर्षांचा. तू जा नाहीतर जाऊ नकोस. पण जी दुसरं ठरवील तिच्याशी बोलणं सोडू नकोस."

आम्ही दोघींनी माना हलविल्या. चार दिवसांत विसरलो.

धाकटी संपावर गेली. सकाळी तिने नेहमीप्रमाणे साडी नेसली, पण शाळेऐवजी मोर्च्याला गेली. आमच्या समोर राहणाऱ्या बाई तिच्याच शाळेत, त्याच वर्षी लागलेल्या. दोघी एका रिक्षाने जात-येत असत. एकीची पर्स दुसरीच्या मांडीवर असायची, इतके सख्य. त्या दिवशी त्या बाई खांद्याला पर्स लावून एकट्याच रिक्षात बसल्या आणि शाळेत गेल्या. धाकटीने ते गॅलरीतून पाहिले. तोंडाने काही बोलली नाही. पण दुपारपासून फोन सुरू झाले. "फितूर" हा शब्द मी त्या आठवड्यात जितक्या वेळा ऐकला तितका शाळेत असताना इतिहासाच्या तासालाही ऐकला नव्हता. मोबाईलवरच्या त्यांच्या गटातून त्या बाईंचे नाव काढून टाकण्यात आले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच आठवड्यात मी गिरणीवर दळण घेऊन उभी होते. रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "एवढाले पगार घेतात आणि ऐन परीक्षेत पोरांना वाऱ्यावर सोडतात." धाकटी माझ्या शेजारीच उभी होती. तिने पिठाचा डबा उचलला आणि सबंध रस्ताभर तो छातीशी धरून चालली. घरी आल्यावर म्हणाली, "तेरा वर्षं मार्चमध्ये मी एक रजा घेतली नाही, ते कोणी मोजलं नाही." म्हणजे जी गेली तिला शेजारपाजार बोलला, आणि जी गेली नाही तिला तिच्या माणसांनी वाळीत टाकले. दोघींनाही कोणी "का?" असे विचारले नाही.

परीक्षा थांबली नाही. जे होते त्यांनी ती पार पाडली. एका पेपरहून मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आई, आज वर्गावर समोरच्या बाई होत्या. माझा हात थरथरत होता, तर जवळ येऊन म्हणाल्या, पाणी पी, वेळ पुष्कळ आहे." मी धाकटीकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या पोरीला पाणी पी म्हणणारी बाई तीच होती, जिला आम्ही घरात बसून फितूर म्हणत होतो. तरीदेखील मी बाईंकडे गेले नाही.

२० मार्चला मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मागे घेण्यात आला. दोन दिवसांनी पाडवा झाला. मग चैत्रगौर बसली. आमच्याकडे दरवर्षी हळदीकुंकू असते. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. त्या वर्षी धाकटीच्या शाळेतल्या दहाबारा जणी येणार होत्या. आमंत्रणाची यादी माझ्या हाती होती. समोरच्या बाईंच्या नावापाशी माझी पेन्सिल थांबली. धाकटीने "नको बोलावूस" असे म्हटले नव्हते. कोणीच म्हटले नव्हते. मीच मनाशी म्हटले, उगाच आलेल्या बायकांत अवघडलेपण नको. आणि मी ते नाव गाळले.

भगिनींनो, त्यांना त्यांच्या गटातून काढले ते रागाने. त्यामागे निदान काही दुःख तरी होते. मी तर कोणत्याच बाजूची नव्हते. माझा पगार कापला जाणार नव्हता, माझी पेन्शन जाणार नव्हती. मी केवळ चार बायकांसमोर अडचण नको म्हणून एका शेजारणीला दाराबाहेर ठेवले. त्या दिवशी त्यांच्या घराचे दार सबंध संध्याकाळ लावलेले होते. आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची चाहूल त्यांना आत ऐकू येत असणार.

रात्री मुलीने विचारले, "आई, समोरच्या बाई आल्या नाहीत?" मी म्हटले, "विसरलेच बघ." पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. सातवी शिकलेल्या आईचे खोटे दहावीतल्या मुलीला कळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटीत डाळ आणि तांब्यात पन्हे घेऊन त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी "या" म्हटले. बसायला दिले. मी म्हटले, "काल मी तुम्हाला बोलावलं नाही. विसरले नव्हते." एवढे बोलेपर्यंत माझा घसा सुकला.

त्यांनी थोड्या वेळाने सांगितले, "तुमच्या दिरांचा पगार तुमच्या जाऊबाईंच्या पाठीशी आहे. आमच्या यांचं काम सुटून दोन वर्षं झाली. पतसंस्थेचा हप्ता माझ्याच पगारातून जातो. संप आठ दिवसांचा झाला तर निभतं. महिन्याचा झाला तर? आणि खरं सांगू, एवढंच कारण नाही. माझा वर्ग परीक्षेला बसलेला. मुलं तिकडं आणि मी घरी, हे मला जमलं नसतं. पण तुमची जाऊ चुकली असं मी एकदाही म्हटलेलं नाही. पेन्शन मिळाली तर मलाही मिळेल. दुसऱ्यांनी भोगलं आणि आपल्याला फुकट मिळालं, ही टोचणी मला असेलच. ती आणखी कोणी द्यायला नको."

मी घरी येऊन धाकटीला सारे सांगितले. ती म्हणाली, "मला येऊन सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं." मी म्हटले, "तू विचारलंस का?" आत सासूबाई जपाची माळ ओढत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

पुढे काय झाले तेही सांगते. संपाच्या वेळी नेमलेल्या तिघा निवृत्त अधिकाऱ्यांच्या समितीने अभ्यास केला. मार्च २०२४ मध्ये सरकारने शेवटच्या पगाराच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजनाही राज्याच्या मंत्रिमंडळाने स्वीकारली. धाकटी म्हणते, ही काही जुनी पेन्शन नव्हे. तिचे म्हणणे तिच्यापाशी. पण जे काही पदरात पडेल ते बाहेर उभी राहिली तिलाही पडेल आणि आत सही केली तिलाही. सरकार तिथे भेद करीत नाही. मग आपण कशाला करावा?

दोघींचे सारे पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोघी पुन्हा एकाच रिक्षाने जाऊ लागल्या. पहिले काही दिवस दोघींच्या मध्ये पर्सा असत. आता बोलतात. पहिल्यासारखे नाही, पण बोलतात. एकोणीस वर्षे झाली नाहीत, एवढे तरी आम्ही सांभाळले.

संपावर जावे की जाऊ नये, हे सांगण्याइतकी मी शिकलेली नाही. एकजूट मोडली तर कोणाच्याच हाती काही लागत नाही, हे धाकटीचे म्हणणे मला पटते. ज्या घरात एकच पगार येतो त्या घरच्या बाईला एकजुटीची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, हेही पटते. दोन्ही पटते, म्हणून मी न्याय करीत नाही. शाळेच्या हजेरीपटावर कोणाची सही आहे नि कोणाची नाही, ते शाळेने पाहावे. आपल्या हळदीकुंकवाची यादी हा काही हजेरीपट नव्हे.

मंडळाची वही माझ्याकडे असते. उद्या पुन्हा कधी संप होईल, निवडणूक होईल, गल्लीत पाण्यावरून दोन तट पडतील. त्या वेळी माझी पेन्सिल एखाद्या नावापाशी थांबलेली दिसली, तर तुम्ही कोणीही उठून मला विचारावे, "का थांबलीस?" एवढीच माझी विनंती.

बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्यावे. चहाचे आधण ठेवून आले आहे. मला आता आत गेले पाहिजे.