वाढत्या वयातील पाठीचा कणा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात आजाराचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु या सभागृहात १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींचे अनेक पालक बसलेले आहेत, आणि मी ज्या विकाराबद्दल बोलणार आहे तो याच वयात, बहुधा वेदनेवाचून, वाढत जातो.

पाठीचा कणा एका बाजूस वाकतो व त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जातो, याला वैद्यकात स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर मोजलेला वाक १० अंश वा अधिक असल्यास हे निदान होते. शंभरात दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो. मात्र वाढत जाणारा मोठा वाक मुलींमध्ये कितीतरी अधिक दिसतो. बहुतेकांत निश्चित कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही. तेव्हा ‘ताठ बस’ म्हणून मुलीला रागावू नका. तिचा यात काडीचाही दोष नाही.

पूर्वी मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या नजरेतून पाठ सुटत नसे. आज आजी दूर गावी, आणि दहा वर्षांचे मूल स्वतःच स्नान करते, ते योग्यही आहे. पण मग त्याची पाठ पाहायची कोणी? पुष्कळदा एक खांदा उंच असल्याचे प्रथम शिंप्याच्या ध्यानात येते!

यासाठी एक सोपी तपासणी आहे. १८६५ साली लंडनचे शल्यवैद्य विल्यम अ‍ॅडम्स यांनी ती वर्णिली. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून मुलाला पुढे वाकवावे आणि मागून पाहावे. बरगड्यांचा एका बाजूस उंचवटा दिसला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. मुलींची पाठ दहाव्या व बाराव्या वर्षी, तर मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी पाहावी.

लहान वाकाला बहुधा दर काही महिन्यांनी केलेली तपासणी पुरते. वाढ चालू असताना तो २५ ते ४० अंशांचा असल्यास पट्टा, म्हणजे ब्रेस, देतात. ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पट्ट्याच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. डॉ. स्टुअर्ट वाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडात केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि ते बरेचसे मिटले. वाढ पूर्ण होईपर्यंत वाक ५० अंशांखाली राहिला, अशांचे प्रमाण पट्टा वापरणाऱ्यांत ७२ टक्के, तर केवळ निरीक्षणाखालील मुलांत ४८ टक्के होते. रोज सरासरी १३ तास वा अधिक पट्टा घालणाऱ्यांत तर यश ९० टक्क्यांच्या घरात गेले.

या आकड्यांत दिलासा आहे आणि इशाराही. प्रत्येक वाक वाढतोच असे नाही, म्हणून घाबरू नये. पण पट्ट्याचे काम मुख्यतः वाक वाढू न देणे हे आहे. वाढ थांबल्यावर तो घालून उपयोग नाही, आणि मालिशीने कणा सरळ होत नाही.

आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांची एक सवय येथे घातक ठरते. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो की आपल्या डॉक्टरांना दाखवू’ असे आपण म्हणतो. मुलगी झपाट्याने उंच होत असते ते वर्ष या वाट पाहण्यात निघून जाते. दुसरी सवय लपवण्याची. पुढे लग्न जमताना अडचण नको, म्हणून आईवडील गप्प राहतात आणि मुलगी ओढणीआड खांदा झाकते. लपवल्याने वाक थांबत नाही, केवळ उपचारांची संधी हुकते.

पट्टा घालून शाळेत जाणे त्या वयात सोपे नसते. तिला कोणी हसू नये, उलट गणेशोत्सवात व नाटकांत तिने पूर्वीसारखेच वावरावे, एवढे तर हे मंडळ निश्चित करू शकते. परगावी मंडळ हेच आपले गणगोत आहे. दूर राहिलेल्या आजीची ती नजर आता आपण एकमेकांच्या मुलांसाठी ठेवू या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.