वऱ्हाडची मातीची भुलाबाई

वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई घरी बसते. महिनाभर पाहुणचार घेऊन कोजागिरीला ती निरोप घेते. अमरावती, अकोला, बुलडाण्यात आणि शेजारच्या खानदेशात मुलींचा हा उत्सव चालतो. भुलोबा म्हणजे शंकर आणि भुलाबाई म्हणजे पार्वती. जोडीला बाळ गणपती.

मूर्ती कुंभार घडवतो. कपाशीची काळी जमीन वाळताना आक्रसते, तडकते. म्हणून नदी-तळ्याच्या गाळाची चिकणमाती आणावी लागते. माती भिजवून, खडे वेचून, तुडवून ती साच्यात दाबतात. पुढचा आणि मागचा भाग ओल्या मातीने सांधला, की मूर्ती सावलीत सुकते. मग पांढऱ्या रंगाचा हात, त्यावर भुलोबाचा फेटा, भुलाबाईच्या लुगड्याचे काठ, कपाळीचे कुंकू आणि शेवटी डोळे. घरी ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर उभे राहते. संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणतात. गाणी संपली की डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा आणि मग वाटून खायचा.

कुंभाराचे वर्ष अशा सणांवर चालते: अक्षय तृतीयेच्या घागरी, पोळ्याचे बैल, गणपती, भुलाबाई, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी. एकेका सणाची मागणी तुटली की घरातली पुढची पिढी दुसरे काम शोधते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती हलक्या आणि चकचकीत असतात, पण पाण्यात विरघळत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा मूर्तींना मनाई केली होती.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत तयार मूर्तींमुळे मागणी तुटण्याचे हेच संकट आधी येऊन गेले. तिथली स्पॅनिश वंशाची कुटुंबे लाकडात संत कोरत आणि फळ्यांवर त्यांची चित्रे रंगवत. रेल्वेबरोबर प्लास्टरच्या तयार मूर्ती आणि छापील चित्रे आली आणि ही कला मागे पडली. १९२५ मध्ये सांता फे शहरात तिच्या जतनासाठी संस्था निघाली. १९२६ मध्ये तिने स्पॅनिश मार्केट भरवले. कारागिरांना गिऱ्हाईक मिळाले आणि कोरीवकामाला पुन्हा चालना मिळाली.

वऱ्हाडात गिऱ्हाईक आजही दारातच आहे. भाद्रपदात भुलाबाई कुंभाराच्या अंगणातून आणावी, मातीचीच मागावी, योग्य दाम द्यावा आणि घरातल्या मुलींना गाणी शिकवावीत. मागणी राहिली तरच साचे पुढच्या हातांत जातील.