बंगळुरूचे कॅनार्ड विमान

हौशी माणसाला घरच्या कार्यशाळेत बांधता यावे, अशा ‘लाँग-ईझी’ या दोन आसनी विमानाचा आराखडा अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी केला, आणि त्याच आराखड्यावरून बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘लाइट कॅनार्ड रिसर्च एअरक्राफ्ट’ बांधून ते 1987 मध्ये उडवले. कॅनार्ड म्हणजे नाकापाशी, मुख्य पंखांच्या पुढे बसवलेला छोटा आडवा पंख. वेग फार घटला की त्याची उचल मुख्य पंखांच्या आधी कमी पडते, त्यामुळे नाक आपोआप खाली झुकते आणि विमान पुन्हा वेग घेते. बांधणीची रीत याहून विलक्षण आहे, कारण तिला महागडे साचे लागत नाहीत: फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून पंखाचा आकार दिला जातो आणि त्यांवर इपॉक्सी या राळेत भिजवलेले काचतंतूंचे कापड थरांनी चढवले जाते. मात्र थरांत अडकलेली हवा सांधा दुबळा करते, म्हणून खरी कसोटी चिकाटीची असते. उड्डाणचाचणीही टप्प्याटप्प्यानेच होते. आधी धावपट्टीवर वाढत्या वेगाच्या धावा, त्यात ब्रेक व सुकाणूची परीक्षा, आणि मगच पहिली झेप. संमिश्र साहित्याचा हा अनुभव प्रयोगशाळेला पुढे ‘हंस’ या प्रशिक्षण विमानासाठी उपयोगी पडला, ज्याचे पहिले उड्डाण 1993 मध्ये झाले.