पळीभर तेल आणि आकाश



पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकला आहे. रात्रीचे दहा वाजले तरी भिंती धग सोडायला तयार नाहीत. या दिवसांत निम्मा खानदेश गच्चीवर नाहीतर धाब्यावर अंथरूण टाकतो आणि उताणं पडलं की आभाळ आयतंच समोर येतं. तेव्हा आज त्याच्याबद्दलच थोडं बोलू.

आकाश बघायचं तर आधी दुर्बीण पाहिजे, ही समजूत कुठून आली कोण जाणे. आपल्या भागाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं आहे ते भास्कराचार्य तर नेमकं उलट सांगतात. 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्यात यंत्रांवर अख्खा अध्याय आहे. शंकू, घटी, चक्र, फलक अशी एकेक यंत्रं ते समजावून देतात आणि शेवटी पहिला मान देतात धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला. हातात साधी काठी असली आणि डोकं ठिकाणावर असलं, की पुष्कळ मोजमापं होतात.

त्यांचं मूळ गाव कोणतं, यावर बीडपासून विजापूरपर्यंत दावे आहेत. त्या भांडणात मी पडत नाही. आपल्याकडे पुरावा आहे तो वेगळ्या गोष्टीचा, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये तो अभ्यासकांपुढे मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. शके 1128, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण लागलेलं. अशा वेळी निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं सगळ्या लोकांसमक्ष हातावर पाणी सोडून या मठाला दान दिलं. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणातच दान! मुहूर्त शोधणारा रसिक असला पाहिजे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण देण्याघेण्याचा व्यवहार आला की भाषा बदलते आणि सरळ जुनी मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो मठाला. शिवाय जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांकडून पळी-पळी तेल. आजच्या हिशेबानं सांगायचं तर खगोलाच्या शाळेला बाजार समितीचा सेसच लावून दिला होता. त्या तेल्याला त्रिज्या आणि भुजज्या कळत होत्या का? नसतील. पण पोरं आकाश शिकत होती ती त्याच्या तेलावर.

आता वर बघा. मेअखेरीला रात्री दहाच्या सुमाराला जवळजवळ थेट डोक्यावर एक नारिंगी, ठसठशीत तारा दिसेल. ती स्वाती. खात्री करायची असेल तर उत्तरेकडचे सप्तर्षी शोधा आणि त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्या. बरोबर स्वातीवर येता. बाक आणखी वाढवला की दक्षिणेकडे पांढरी चित्रा.

मग सातपुड्याकडे तोंड करा. हात पुरता लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजा. तिथे जो मध्यम तेजाचा, जागा न सोडणारा तारा आहे तो ध्रुव. जळगाव विषुववृत्तापासून एकवीस अंश उत्तरेला, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सुमारे एकवीस अंश वर. दिल्लीत तो जवळजवळ तीन मुठी वर असतो आणि कन्याकुमारीला एक मूठही भरत नाही. नकाशा न उघडता आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते असं कळतं.

आणि मृग? 7-8 जूनला ‘मृग लागला’ म्हणून कपाशीवाला आभाळाकडे डोळे लावतो, पण तेव्हा मृगाचे तारे दिसतच नाहीत. मृग लागतो म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात शिरतो, आणि त्याच्या उजेडात तारे कुठले दिसणार? मृग बघायचा तो डिसेंबरात. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी द्यायला गेलात की मोटर सुरू करा आणि नऊच्या सुमाराला पूर्वेकडे पाहा. एका ओळीत तीन तारे, तो मृगाच्या पोटातला बाण. त्याच रेषेत खाली लखलखतो तो व्याध. शहरातल्या हौशी मंडळींना असा अंधार गाडी करून शोधावा लागतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला तो नको असताना मिळतो.

एक प्रयोग भर दुपारचा. 25 मेच्या आसपास जळगाव आणि धुळ्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या जरा आधी ओळंबा लावून सरळ काठी रोवा, किंवा सपाट ओट्यावर पाण्याचा उभट डबा ठेवा. सावली आखडत आखडत त्याच्या बुडाशी जाऊन नाहीशी होते. मुंबईत हा दिवस साधारण दहा दिवस आधी येऊन जातो आणि दिल्लीत कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे. आपल्याकडे सूर्य परतताना जुलैच्या मध्याला पुन्हा माथ्यावर येतो खरा, पण तेव्हा ढग असतात, आणि ते नसले तर पावसाच्या काळजीत काठी रोवायचं कुणाला सुचणार? तेव्हा प्रयोग मेमध्येच उरकून घ्या. डोक्याला रुमाल बांधून.