गुठळी राहू द्या
(वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



काल या मंचावर संविधानावर व्याख्यान झालं, उद्या नदीजोड प्रकल्पावर आहे आणि मध्ये मी, पॅनकेक घेऊन. सोबत शेगडी आणा, असा संयोजकांचा आग्रह होता. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी मात्र नियमावर बोट ठेवलं. तेव्हा आज इथे तोंड चालणार आहे ते फक्त माझं.

मी 32 वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लेकीकडे न्यू जर्सीला गेले, आणि एका रविवारी सकाळी नातवासाठी पॅनकेक करायला घेतले. पीठ, दूध, अंडं सगळं एकत्र करून असं फेटलं की चमच्यावरून रेशमासारखं ओघळावं. तव्यावर जे झालं ते जाड, चिवट आणि मधोमध बसलेलं. नातवाने एक घास खाल्ला. म्हणाला, "आजी, धिरडं छान झालंय. पॅनकेक कधी करणार?"

मग मी पिठाचं खोकं वाचलं. वाचायचं आधी असतं, हे मीच पोरांना प्रयोगशाळेत सांगत असे. खोक्यावर लिहिलं होतं की मिश्रणात गुठळ्या राहू द्याव्यात. मला ती छपाईची चूक वाटली.

तुम्हीच सांगा, वाटणारच की! आपल्याकडे गुठळी म्हणजे घराण्याची अब्रू. पिठल्यात गुठळी झाली तर सून माहेरी काय शिकली, इथपर्यंत चौकशी जायची. आंबोळीचं पीठ तर माझी आई हाताने फेसायची, मनगट दुखेपर्यंत. आणि तिची आंबोळी अशी जाळीदार व्हायची की धरली तर पलीकडचं अंगण दिसावं. मग तोच हात, तेच फेसणं, आणि पॅनकेकचं मात्र चामडं का?

कारण तांदूळ-उडीद एका जातीचे आणि गहू दुसऱ्या. घरी एक प्रयोग करा. कणकेचा घट्ट गोळा मळा आणि नळाखाली धूत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चोथा उरतो. तो ग्लुटेन. पिठाला पाणी लागलं आणि वर हात चालला की गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंतून त्याचं जाळं विणतात. पोळी ताणली तरी तुटत नाही, ती त्याच्या जोरावर. पोळीला हवा तो गुण पॅनकेकला नडतो. जितकं फेटाल तितकं जाळं घट्ट. मग वायूचे बुडबुडे त्याला फुगवू शकत नाहीत. तांदळात आणि उडदात ग्लुटेन नाही. तिथे उडदाचा बुळबुळीत चिकटपणा वायू धरून ठेवतो, आणि फेसल्याने त्यात हवाच भरते. म्हणून आईचं मनगट बरोबर होतं आणि माझं चुकलं.

म्हणजे मैद्याच्या पॅनकेकला आळशी हात लागतो. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे, मग दोन्ही एकत्र करून कालथ्याने दहा-बारा वेळा खालून वर परतायचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गुठळ्या दिसतील. दिसू द्या. मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवलं की त्या आपोआप भिजतात, आणि उरल्यासुरल्या तव्यावर विरतात. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं.

आता फुगायचं कशाने? इंग्लंडातला जुना पॅनकेक फुगायचाच नाही; चपट्या वस्तूला इंग्रज आजही पॅनकेकचीच उपमा देतो. फुगीर पॅनकेक ही अमेरिकेची करणी, आणि तिची सुरुवात राखेत आहे. तिथल्या वसाहतवाल्यांनी जंगलं तोडली, लाकडं जाळली, राखेचं पाणी आटवून क्षार काढला. त्याला पर्लॅश म्हणत. 1790 साली अमेरिकेने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट याच क्षाराच्या कृतीचं होतं, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. पुढे 1796 साली अमेलिया सिमन्स या बाईंच्या 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात पर्लॅश घालून फुगवलेले प्रकार छापून आले. क्षार आणि आंबट ताक एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, एवढीच ती जादू. "खाण्यात केमिकल नको गं बाई" म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या मैत्रिणी दर उन्हाळ्यात पापडखार आणतात, तोही क्षारच.

1843 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने क्षार आणि आम्ल एकाच कोरड्या भुकटीत बसवलं. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. बेकिंग पावडरचा जन्म असा नवऱ्याच्या काळजीतून झाला, आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात हे फार वेळा घडलेलं नाही. नंतर हार्वर्डच्या एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 साली याच भुकटीसाठी फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं.

प्रमाण लिहून घ्या, मी थांबते. मैदा 125 ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा, चिमूट मीठ. एक अंडं, दही आणि दूध मिळून 200 मिलिलिटर, त्यात दही निम्म्याहून जास्त, आणि वितळलेलं लोणी 30 ग्रॅम. अमेरिकन ताक दाट असतं, आपलं पाणीदार. म्हणून ताकाऐवजी दही. पाव चमचा सोडा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. तो सगळा दह्याच्या आंबटपणाशी भिडला तर 300 मिलिलिटरहून जास्त वायू सुटतो. मात्र "अजून फुगू दे" म्हणून सोडा वाढवू नका. आंबटपणा संपला की उरलेला सोडा साबणाची चव देतो, आणि पॅनकेक आत कच्चा असतानाच बाहेरून काळपट होतो.

अंडं न खाणाऱ्यांनी ते वगळून दही थोडं वाढवावं. पॅनकेक जरा ठिसूळ होईल, पण हलका होईल. अंड्याऐवजी केळं कुस्करून घालतात, त्याने तो जड होतो असं माझं मत. केळं वरून घ्या.

तवा बिडाचा असला तर उत्तम. पाण्याचा थेंब टाका. जागच्या जागी चर्र होऊन आटला तर तवा अजून तापायचाय. मोत्यासारखा घरंगळत नाचला की तापला. 1756 साली लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने या नाचाचं वर्णन लिहून ठेवलं, आपल्या आज्या तो न लिहिता बघत होत्या. मग आच कमी करा आणि कांद्याच्या फोडीने तेलाचं बोट फिरवा. छे, आंबोळीची सवय! इथे कांदा नको, कागदाने पुसा. तेल जास्त झालं तर कडा तळल्या जातात. पीठ एका जागी ओता, पळीने पसरवू नका. वर बुडबुडे येतील. घाई नको. कडेचे बुडबुडे फुटून भोकं तशीच उघडी राहिली की एकदाच उलटा. आणि उलथन्याने दाबू नका, हात जोडते. दाबलं की आत्तापर्यंत जमवलेला वायू बाहेर.

पहिला बिघडेलच. पहिला ब्लिन, म्हणजे त्यांचा पॅनकेक, गोळाच होतो, असं रशियन लोकही म्हणतात. तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो, तेल बसलेलं नसतं. तो करणाऱ्याने खावा.

वरून मेपल सिरप ओततात. मेपल झाडाचा सुमारे 40 लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं, म्हणून ते महाग. आपल्याकडे कोल्हापूरची काकवी आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून खाल्लं आहे आणि काकवीच्या बाजूने मत दिलं आहे, नातवाचा विरोध नोंदवून.

शेवटी एक, कारण याचा प्रश्न चिठ्ठीवर आलाच आहे: पीठ रात्री करून ठेवलं तर चालेल का? आंबोळीचं चालतं, कारण त्यात जिवाणू रात्रभर वायू तयार करत असतात. सकाळी ते पातेल्याबाहेर येतं. या पिठात जिवाणूंचं काम नाही. सोडा दह्याला भेटला की वायू सुटतो, आणि अर्ध्या तासात बराचसा उडून जातो. म्हणून कोरडं आदल्या रात्री मिसळून डब्यात भरून ठेवा, आणि पाहुणे पाटावर बसले, की मगच त्यात दही घाला.