शस्त्रजप्तीचा हुकूम आणि गरिबाचा वकील



१४ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, पार्कलंड येथील शाळेत १७ जणांची हत्या झाली. मारेकऱ्याविषयीच्या तक्रारी आधीच अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. पुढच्याच महिन्यात तेथील रिपब्लिकन सरकारला कायदा करावा लागला: पोलिसांनी अर्ज करावा, न्यायालयाने तात्पुरता हुकूम द्यावा, चौदा दिवसांच्या आत त्या इसमाचे म्हणणे ऐकावे आणि धोका सिद्ध झाल्यास वर्षभरापर्यंत त्याची शस्त्रे काढून घ्यावीत. कनेटिकटने असा कायदा १९९९ मध्येच केला होता.

गाजतात ती सामूहिक हत्याकांडे. परंतु २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने जे सुमारे ४८,८०० बळी गेले, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी गोळी स्वतःवरच झाडली होती. कनेटिकट व इंडियाना येथील अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे दर दहा ते वीस हुकुमांमागे एक आत्महत्या टळते. निराशेच्या घटकेला हाताशी बंदूक नसणे, एवढ्यानेच माणूस वाचतो.

तरीही समाजवाद्याने येथे थबकलेच पाहिजे. पहिला हुकूम त्या इसमाच्या पश्चात होतो आणि त्यासाठी त्याने कोणताही गुन्हा केलेला असणे आवश्यक नसते. शस्त्रबंदी सत्तेला कशी सोयीची असते, हे लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदुस्थानला शिकविले आहे. त्यातून गोऱ्यांना सूट होती. कॅलिफोर्नियात १९६७ साली भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास बंदी आली, ती ओकलंडच्या पोलिसांवर पहारा ठेवणाऱ्या ब्लॅक पँथर्सना डोळ्यांपुढे ठेवून. सही होती गव्हर्नर रेगन यांची. मेरीलँडमध्ये २०१८ साली, कायदा लागू होऊन जेमतेम महिना उलटतो तोच, हुकूम बजावण्यास पहाटे गेलेल्या पोलिसांच्या गोळीने एक माणूस त्याच्याच दारात मेला.

मात्र या शंकेचा लाभ बंदूकवाल्यांना देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्याचा जप करणाऱ्या या मंडळींनी २००५ साली कारखानदारांना नुकसानभरपाईच्या बहुतेक दाव्यांपासून कायद्याचे कवच मिळवून दिले. हे नफ्याचे स्वातंत्र्य होय! कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणी न्यायालयाने धोकादायक ठरविलेल्याकडून शस्त्र काढून घेता येते, असा निर्णय त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी दिला आहे.

खरा प्रश्न सुनावणीचा आहे. हे प्रकरण दिवाणी, म्हणून आरोपीला मिळणारा सरकारी वकील येथे आपोआप मिळत नाही. श्रीमंत वकील लावतो; मजूर एकटा उभा राहतो. कोलोरॅडोने २०१९ च्या कायद्यात सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. पुरोगाम्यांनी इतर राज्यांतही आग्रह धरावयाचा तो याच कलमाचा.